पंधरावं दार

कुठल्याही इमारतीत गेलं की ताहेर आधी पावलांनी मोजायचा, मग फितीनं, आणि त्यानंतरच कागदावर विश्वास ठेवायचा. नांदेडच्या इतवाऱ्यात त्याचं कॅमेरे आणि कुलपं बसवायचं दुकान होतं. दवाखाना असो नाहीतर सरकी-कापसाचं गोदाम, काम ठरलेलं. इमारतीचा नकाशा कॉम्प्युटरवर चढवायचा आणि त्यावर ठिपके लावायचे: कॅमेऱ्याचा एक, धूर लागला की बेल वाजवणाऱ्या डबीचा एक, दाराच्या कुलपाचा एक. दार बंद असलं की ठिपका हिरवा, उघडं असलं की पिवळा, कुणी दाराला धक्के मारले तर लाल, आणि खाली शब्द येई: कंप. मालकानं खुर्चीत बसून नुसतं बघायचं. या धंद्यात भुताखेतांना जागा नव्हती. काही विचित्र दिसलंच तर वायर ढिली असायची.

सन २०१९ च्या जुलैत त्याला शेषेराव सरांच्या निवासी क्लासचं काम मिळालं. त्या वर्षांत लातूरच्या क्लासला पोरगी घातली की ती डॉक्टर होऊनच परत येणार असं अख्ख्या मराठवाड्याला वाटायचं. शहरात जागा उरली नाही, म्हणून सरांनी औशाच्या पुढं जुन्या निंबाळवाडीत, त्र्याण्णवच्या भूकंपात बसलेल्या गावाच्या जागेवर, तीन मजली इमारत उठवली होती. नवं गाव सरकारनं तिथून दोन कोसांवर वसवलेलं. जुन्या जागी बाभळी, पांढरी माती आणि ही गुलाबी रंगाची इमारत. फाटकावर सरांचा हसरा फोटो आणि खाली ओळ: 'मी ढिगाऱ्यातून उभा राहिलो, तुम्हीही राहाल.'

ताहेरनं हे काम घेतलं त्याचं खरं कारण वेगळंच होतं. त्याची भाची सुमय्या तिथं शिकत होती. बहीण हुस्ना मुखेडला कपडे शिवायची. नवरा गेल्यापासून तिचा सगळा जीव या एका पोरीत. सुमय्या फोनवर एकदाच बोलून गेली होती, "मामू, रात्री मजल्याचं दार बाहेरून बंद करतात. पेपरलासुद्धा." म्हणून तो कमी पैशात कबूल झाला. निदान कुलपं नीट बसतील, असा त्याचा हिशेब.

पहिल्याच दिवशी त्याचं डोकं फिरलं.

मंजूर नकाशात दुसऱ्या मजल्यावर, परीक्षेच्या हॉलच्या टोकाला, मागचा जिना दाखवला होता. ताहेर पावलं मोजत गेला आणि त्याचं नाक भिंतीला लागलं. ताजा चुना. जिन्याच्या जागेत प्रत्येक मजल्यावर एकेक खोली काढून आठ-आठ खाटा टाकल्या होत्या. खाली मागच्या अंगालाही दार बुजवून गिलावा मारलेला.

"सर, जिना कुठं गेला?"

शेषेराव सर टेबलामागं बसून पेरू खात होते. पन्नाशीकडं झुकलेले, इस्त्रीचा पांढरा सदरा, आवाज मऊ. "जिना कागदावर हाय ना, ताहेरभाई? मग तुमच्या नकाशावर बी असू द्या. मंगळवारी तपासणीवाले येऊन राहिले. तिथं एक दार दाखवा, ठिपका लावा, हिरवा. आपल्याला सगळं हिरवं दिसलं पाहिजे."

"आणि आग लागली तर? दोनशे पोरी हायत वर."

"तुमच्या तोंडात साखर पडो," सर हसले. "आणखी एक. धुराची बेल वाजली की कुलपं आपोआप उघडतात म्हणं? ते काढून टाका. पोरी मुद्दाम काडी ओढतील अन् बाहेर पडतील. कुलूप फक्त माझ्या किल्लीनं उघडंल, लाइट गेली तरी."

"हे मी करणार न्हाई."

सरांनी ओठावरची पेरूची बी पुसून टाकली. "तुमची भाची हितंच हाय ना? मुखेडची? हुशार हाय पोरगी. मधूनच घरी जायला लागली तर वरीस वाया जाईल तिचं."

ताहेरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसाच्या तोंडावर लॅपटॉप फेकून मारावा असं त्याला वाटलं. पण त्याला हुस्ना दिसली, मशीनवर वाकलेली. तपासणी झाली की स्वतः भिंत फोडायला लावू, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि गपगुमान काम केलं. बेलचा आणि कुलपांचा सांधा तोडला. इमारतीत खरी कुलपं होती चौदा. पंधरावं दार त्यानं स्वतःच्या हातानं नकाशात, हॉलच्या टोकाच्या सपाट भिंतीवर काढलं. त्याला कुठलंच यंत्र जोडलेलं नव्हतं, नुसतं चित्र. लाज वाटली, पण केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशा सरकलेला होता.

सरकायचं कारण नव्हतं. वरून घेतलेल्या फोटोवर इमारतीचा नकाशा बसवताना त्यानं तीन खुणा पक्क्या केल्या होत्या: फाटक, पाण्याची टाकी, मागचा कोपरा. आता इमारत जागच्या जागी होती, पण कुलपांचे ठिपके तिच्यातून बाहेर येऊन मोकळ्या मैदानात उभे होते, वाकड्यातिकड्या ओळीत. आपलंच काहीतरी चुकलं म्हणून त्यानं एकेक ठिपका ओढून दाराशी आणला. दुपारपर्यंत ते पुन्हा मैदानात गेले. त्याच ओळीत, त्याच अंतरानं.

पंधरावा ठिपका मात्र हलला नव्हता. आणि त्याच्याखाली लिहून आलं होतं: जोडलेले. बाहेरून बंद.

ताहेरनं ते शब्द दोनदा वाचले. या यंत्रणेतले मराठी शब्द त्यानंच भरले होते, जोडलेले, उघडे, बंद, कंप. 'बाहेरून' हा शब्द त्यानं भरलेलाच नव्हता. त्यानं तो ठिपका पुसला. पाणी पिऊन आला तर ठिपका जागेवर.

खानावळीच्या कट्ट्यावर कस्तुराबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. साठी उलटलेली, हाडकुळी बाई, दोनशे पोरींची भाकरी थापणारी. त्या जुन्या निंबाळवाडीच्याच. ताहेरच्या हातातल्या टॅबलेटकडं त्यांची सहज नजर गेली आणि सूप मांडीवरून घसरलं.

"हे कुणी काढून दिलं तुला?"

"कुणी न्हाई, मावशी. बिघडलंय ते."

"बिघडलंय कसं?" त्यांनी धुळीचं बोट काचेवर ठेवलं. "ही आमची गल्ली हाय. हे गौरम्माचं दार. हे ग्यानोबाचं. हितं गल्ली वाकत होती, बैलगाडी अडकायची." बोट एकेका ठिपक्यावरून सरकत पंधराव्यावर आलं आणि थांबलं. "हे माझं."

त्यांना वाचता येत नव्हतं. खाली काय लिहिलंय ते ताहेरनं सांगितलं नाही.

"मावशी, तुमच्या नव्या गावात मी काल जाऊन आलो," तो काहीतरी बोलायचं म्हणून बोलला. "एका बी दाराला बाहेरून कडी न्हाई. असं का?"

"माझ्यामुळं," कस्तुराबाई म्हणाल्या. त्या सांडलेली ज्वारी वेचत होत्या. "गणपती बुडवायची रात होती. पोरी मिरवणुकीत जातील म्हणून मी बाहेरून कडी घातली अन् देवळात भजनाला गेले. मोठी महानंदा बारा वर्साची, धाकटी आरती नऊची. पहाटं गाव बसलं. देवळाचा ओटा तेवढा राहिला, म्हणून मी राहिले. पोरी आतून दार वाजवत होत्या. माळवदाची माती, दगडं, एकटीच्यानं काय निघतंय? शेषेराव बाजूलाच त्याच्या घराचं काहीबाही उकरत होता. बावीस वर्साचा गडी. त्याला म्हणलं, ऐक रे बाबा, पोरी वाजवत हायत. कान लावला त्यानं. अन् म्हणला, मावशी, आत कोणी न्हाई. वारं हाय."

ताहेरनं टॅबलेट उलटा करून छातीशी धरला.

"तीन दिस वाजवत होत्या," त्या म्हणाल्या. "मिलिटरी आली तवर बंद पडलं होतं. नव्या गावात मी दारोदार हिंडून बाहेरच्या कड्या उपटायला लावल्या. आजपतूर कुणी घातली न्हाई. शेषेरावला हे सगळं ठाऊक हाय, बाबा. अन् तरी तू कुलपं लावून राहिलास."

त्यांनी सूप उचललं आणि आत गेल्या. ताहेरचा संताप आता सरांवर कमी आणि स्वतःवर जास्त होता. अरे, काय माणूस आहेस तू? भाची वर आणि तूच तिच्या दाराला कुलूप लावतोस? त्यानं तिथल्या तिथं ठरवलं की संध्याकाळी सुमय्याला घेऊन निघायचं. वर्ष गेलं तर गेलं.

दुपारी दोन वाजता दुसऱ्या मजल्यावर पेपर सुरू झाला. सेहेचाळीस पोरी, त्यांत सुमय्या; बाकीच्या खाली खानावळीत अभ्यासाला बसल्या होत्या. सरांनी स्वतः हॉलला किल्ली लावली आणि फाटकाकडं पालकांना भेटायला गेले. ताहेर खाली ऑफिसात बेलचा सांधा परत जोडत बसला. कुणाला न विचारता. मरू दे तो सर आणि मरू दे त्याची तपासणी.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी पंधरावा ठिपका लाल झाला. कंप.

मग पुन्हा. कंप. थोडं थांबून, पुन्हा. कुणीतरी हळू वाजवत असावं तसं.

खिडकीबाहेर उभं ऊन होतं. मैदानात ओढण्या वाळत होत्या. वारा अजिबात नव्हता.

आणि मग जळक्या रबराचा वास आला.

पुढच्या जिन्याखालचा मीटर पेटला होता. दर मजल्यावर दोन-दोन एसी जास्तीचे, त्या वायरी किती सोसणार? काळा धूर जिन्यातून असा वर निघाला की ताहेर तीन पायऱ्यांवरूनच खोकत मागं आला. त्यानं कॉम्प्युटरवरून हॉलचं कुलूप उघडायचा हुकूम दिला. बेल वाजत राहिली, कुलूप उघडलं नाही. सांधा अजून अर्धाच जोडून झाला होता. स्वतःच्या हातानं तोडलेला सांधा.

"सर, किल्ली! किल्ली द्या!"

शेषेराव सर फाटकाकडून धावत आले, आणि म्हणाले काय तर, "आधी बेल बंद कर! पालक बघून राहिलेत!"

ताहेरनं त्यांची गचांडी धरली. किल्ल्यांचा जुडगा हिसकावला आणि ओला टॉवेल तोंडाला लावून पुन्हा जिन्यात शिरला. पहिल्या मजल्यापर्यंत गेला. तिथं धुरानं डोळे मिटले, आणि वॉचमन गुरुबसप्पानं त्याला बखोटीला धरून खाली ओढला.

"सोड मला! पोरगी हाय माझी वर!"

"मरशील, ताहेरभाई!"

वरून आवाज यायला हवा होता. सेहेचाळीस पोरींचा. काहीच येत नव्हतं.

जमिनीवर पडलेल्या टॅबलेटवर पंधरावा ठिपका पिवळा झाला.

उघडे.

ताहेर इमारतीला वळसा घालून मागं धावला.

पोरी कोपऱ्यावरून येत होत्या. एका ओळीत. प्रत्येकीनं पुढचीच्या ओढणीचं टोक धरलेलं. कुणी रडत नव्हतं. सगळ्यांच्या केसांवर, खांद्यांवर पांढरी माती. ताहेरनं मोजलं. सेहेचाळीस. शेवटून तिसरी सुमय्या.

त्यानं तिला मिठीत घेतलं, तिच्या केसांतली माती झटकली. "कुठून आलीस, बेटा? कुठून?"

"मागच्या जिन्यानं, मामू."

"मागं जिना न्हाई."

"होता. दगडाचा, लई अरुंद. दोन पोरी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी कडी काढली अन् म्हणाल्या, एकमेकींना धरा, डोकं वाकवा."

कस्तुराबाई मागं येऊन उभ्या होत्या. त्यांनी ना नावं विचारली, ना त्या दिसायला कशा होत्या ते. पदर मुठीत धरून त्यांनी एकच विचारलं, "भुकेजलेल्या दिसत होत्या का गं?"

सुमय्यानं मान हलवली. हो.

मागची भिंत कोरी होती. गिलाव्याला साधी चीरसुद्धा नव्हती.

नव्या गावातल्या टँकरांनी अर्ध्या तासात आग विझवली. पालक शेषेराव सरांना घेरून ओरडत होते, आणि सरांना मात्र एकच लागलं होतं. "माझी भिंत कुणी फोडली? जिन्यानं आल्या म्हणं! कुठाय जिना? दाखवतो तुमाला." ताहेरच्या हातातून त्यांनी किल्ल्या ओढून घेतल्या आणि ओल्या, काळ्या जिन्यानं एकटेच वर गेले.

ताहेरनं टॅबलेट उचलला. त्याला नुसतं बघायचं होतं.

पंधरावं दार उघडं होतं.

दोन मिनिटं गेली. ठिपका बदलला. बंद.

मग खाली दोन शब्द आले. बाहेरून बंद.

गुरुबसप्पा आणि ताहेर वर गेले तेव्हा हॉल रिकामा होता. बाकं, अर्धवट पेपर, काजळी. भिंत जशीच्या तशी. भिंतीच्या पायाशी किल्ल्यांचा जुडगा पडला होता.

पोलिसांनी दुसऱ्या दिवशी कागदावर 'फरार' लिहिलं. लोक म्हणाले, मागच्या बाजूनं उडी मारून हैदराबादला पळाला. ताहेरनं गवंडी बोलावून हॉलच्या टोकाची भिंत फोडायला लावली. एका विटेच्या जाडीची भिंत, पलीकडं आठ खाटांची खोली, खिडकीतून येणारं ऊन. मध्ये काही म्हणजे काही नव्हतं. हवालदार कंटाळून निघून गेला.

आणि ताहेरच्या हातात ठिपका लाल होत राहिला. कंप. कंप. आता हळू नाही, जोरात, मुठींनी वाजवावं तसं. कडी उघडायचा हुकूम त्यानं शंभरदा दिला असेल. तो माणूस नालायक होता, नीच होता, ताहेरनं त्याला मनातल्या मनात दहा वेळा जाळला होता, पण असं? असं त्याला नको होतं.

सुमय्याला मुखेडच्या गाडीत बसवून तो परत आला, तो तिसरा दिवस होता. सकाळपासून ठिपका कधीतरीच लाल व्हायचा. पोरी घरी गेल्या होत्या, खानावळ बंद. कस्तुराबाई तेवढ्या मागच्या भिंतीच्या सावलीत मांडी घालून बसल्या होत्या. शेजारी एका ताटात दोन भाकरी झाकून ठेवलेल्या.

"मावशी," ताहेर कसाबसा म्हणाला, "जरा कान लावा. तुमाला काही ऐकू येतंय का?"

कस्तुराबाईंनी भिंतीला कान लावला. बराच वेळ लावून धरला. डोळे मिटले होते. टॅबलेटवर ठिपका एकदा लाल झाला. कंप. त्या तशाच बसून राहिल्या. मग सरळ झाल्या आणि कानाला लागलेला चुना पदरानं पुसला.

"आत कोणी न्हाई, बाबा," त्या म्हणाल्या. "वारं हाय."

दुपारी चारच्या सुमाराला ठिपक्यांनी जागा बदलल्या. ताहेरनं हात न लावता चौदा ठिपके मैदानातून परत येऊन आपापल्या दाराशी उभे राहिले, अगदी मापात. पंधरावा भिंतीवर होता. तो पुन्हा लाल झाला नाही. थोड्या वेळानं तोही हिरवा झाला, आणि सगळा नकाशा हिरवा दिसू लागला.